कल्याणीच्या राजाचा गळ आणि पैनगंगेचे डोह



चैत्र सरून वैशाख लागला, की किनवटकडची पैनगंगा कशी होते हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात सहस्रकुंडाची धार कानठळ्या बसवते. उन्हाळ्यात तीच धार बारीक होत जाते. पात्रातले काळे खडक उघडे पडतात. ठिकठिकाणी वाहते पाणी तुटते आणि मागे राहतात ते डोह. अशा डोहाच्या काठी झाडाची सावली पाहून, बांबूची काठी पाण्यावर धरून, कोणी म्हातारा किंवा शाळेला सुटी लागलेला पोरगा बसलेला दिसतो. काठीला दोरी, दोरीला गळ, गळाला गांडूळ. ‘काय चाललंय?’ म्हणून विचारावे, तर ‘काही नाही, बसलोय’ एवढेच उत्तर येते. आणि रस्त्याने जाणारा मनात म्हणतो, ‘रिकामा उद्योग!’

आज मला या रिकाम्या उद्योगाचा इतिहास आपल्यापुढे मांडायचा आहे. हा इतिहास मोठा आहे, जगभरचा आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, पण त्यातले एक फार महत्त्वाचे पान आपल्याच मुलखात लिहिले गेले आहे.

आधी दूरची गोष्ट सांगतो, म्हणजे जवळची नीट कळेल. युरोपातल्या थंड डोंगरी नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. हा मासा वाहत्या पाण्यात एखाद्या दगडाच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो आणि पाण्यावरून वाहत येणारे किडे टिपतो. उन्हाळ्यात संध्याकाळी नदीतून पंखवाल्या माश्यांचे थवेच्या थवे निघतात, तेव्हा तर त्याला मेजवानीच असते. हे पाहून तिकडच्या लोकांनी एक युक्ती काढली. बारीक गळावर रेशमाचा दोरा गुंडाळायचा, त्यात कोंबड्याची पिसे बांधायची, आणि हुबेहूब किड्यासारखी खोटी माशी तयार करायची. ती इतकी हलकी असते की फेकून दूर जात नाही. म्हणून जड दोरी लांब, लवचीक काठीने मागेपुढे झुलवायची आणि त्या दोरीच्या झोकाने माशी अलगद पाण्यावर उतरवायची. मासा फसला तर गळाला लागतो, नाही तर वर येऊन, बघून, परत खाली जातो. आपल्याकडेही मृगाच्या पहिल्या सरीला वाळवीला पंख फुटतात, ती दिव्याभोवती आणि पाण्यावर पडते आणि डोहातले मासे टपाटप उड्या मारतात, हे आपण पाहिलेले आहे. तत्त्व तेच.

ही पिसांची युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या ईलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे की, मॅसिडोनियातल्या एका नदीवर लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात. पुढे १४९६ साली इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरचे एक छोटे पुस्तक छापले गेले. एका जोगिणीच्या नावावर ते सांगितले जाते. त्यात बारा प्रकारच्या पिसांच्या माश्या दिल्या आहेत, आणि एकाच वेळी हावऱ्यासारखे फार मासे धरू नयेत, असा उपदेशही केला आहे. त्यानंतर १६५३ साली आयझाक वॉल्टन याचा या विषयावरचा ग्रंथ निघाला, तो इंग्रज माणूस अजून आवडीने वाचतो. या पुस्तकांमुळे पुष्कळांची अशी समजूत झाली, की गळ टाकण्याला विद्येचा दर्जा दिला तो साहेबाने.

आता गंमत बघा. १४९६ च्या त्या इंग्रजी पुस्तकाच्या आधी साडेतीनशेहून अधिक वर्षे, आपल्या निलंगा-उदगीरपासून फारशा दूर नसलेल्या कल्याणी नगरीत, एका राजाने याच विषयावर संस्कृतात एक स्वतंत्र प्रकरण लिहिले होते. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. राजाचे नाव तिसरा सोमेश्वर, चालुक्य घराण्यातला. त्याचे वडील सहावा विक्रमादित्य हे १०७६ पासून ११२६ पर्यंत पन्नास वर्षे गादीवर होते. मिताक्षरा लिहिणारे विज्ञानेश्वर आणि काश्मीरहून आलेले कवी बिल्हण हे त्यांच्याच आश्रयाला होते. आजचा मराठवाडा या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातल्या होट्टलची देवळे पाहिली, म्हणजे त्या काळच्या वैभवाची कल्पना येते.

सोमेश्वराने ११३८ पर्यंत राज्य केले. लढायांपेक्षा त्याचे नाव राहिले ते ग्रंथामुळे. त्या ग्रंथाचे नाव ‘मानसोल्लास’. ११२९ च्या आसपासचा हा ग्रंथ पाच भागांचा आहे. प्रत्येक भागात वीस अध्याय, असे एकूण शंभर. राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे, इथपासून हत्ती, घोडे, औषधे, अत्तरे, चित्रकला, गाणे, नाच, कुस्ती, सगळे त्यात आहे. मंडक म्हणजे आपले मांडे, पूरिका म्हणजे पुऱ्या, वटिका म्हणजे वडे, आणि इडरिका, धोसक हे दाक्षिणात्य पदार्थसुद्धा त्याच्या स्वयंपाकघरात दिसतात. संगीताच्या प्रकरणात तर जुन्या मराठीतल्या ओळीही सापडतात. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी १९२५ पासून हा ग्रंथ संपादून छापला, तेव्हा तो सर्वांना वाचायला मिळाला.

या ग्रंथाचा चौथा भाग करमणुकींचा आहे, आणि त्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. विनोद म्हणजे इथे थट्टा नव्हे. विनोद म्हणजे मन रमवण्याचा उद्योग. या प्रकरणात राजा काय सांगतो? तो आधी माशांची वर्गवारी करतो. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. मोठे, मधले आणि लहान कोणते. सुमारे तीन डझन माशांची नावे तो देतो. मग त्यांच्या खाण्याकडे वळतो. कोणत्या माशाला तिळाची पेंड चालते, कोणाला हरभऱ्याचे पीठ, कोणाला भात, कोणाला मांस, हे वेगवेगळे सांगतो. ठरलेल्या जागी रोज खाद्य टाकून मासे त्या जागेला सवकवावेत, पोसावेत, आणि मग गळ टाकावा, अशी त्याची रीत आहे. पुढे काठी कशी हवी, दोरी कशाच्या धाग्याची हवी, गळाला आमिष कसे लावावे, मासा लागल्यावर दोरी केव्हा सैल सोडावी आणि केव्हा ओढावी, हेही आले आहे. पिसांची खोटी माशी त्यात नाही. आमिष खरे आहे. पण बाकी सगळी विद्या तीच. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर एक अभ्यासपूर्ण लेख लिहून ते जगापुढे आणले.

शिक्षक बंधुभगिनींनो, इतिहास शिकवताना आपण मुलांना विचारतो, हा ग्रंथ कोणी लिहिला? मी म्हणतो, त्याच्या पुढचा प्रश्नही विचारावा. लिहिणाऱ्याला हे सांगितले कोणी?

सोमेश्वर राजा होता. राजवाड्यात बसून तिळाच्या पेंडीला कोणता मासा येतो आणि मांसाला कोणता, हे कळत नाही. ते कळण्याला वर्षानुवर्षे नदीवर बसावे लागते, पावसात भिजावे लागते, रात्री जाळे टाकून पहाटे ते ओढावे लागते. या प्रकरणातली माशांची कित्येक नावे शुद्ध संस्कृत वाटत नाहीत. ती इथल्या बोलींतून घेतलेली असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे राजाच्या लेखणीने जी शाई वापरली, ती कोळ्याच्या, भोयाच्या अनुभवाची होती. राजाला तो विनोद होता. ज्याने सांगितले त्याचे तर पोट त्यावर होते. राजाचे नाव ग्रंथावर राहिले. सांगणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

हीच गोष्ट सातशे वर्षांनी पुन्हा घडली. विल्यम साइक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी मुंबई सरकारने दख्खनची पाहणी करण्यासाठी नेमला होता. १८२४ ते १८३१ या काळात त्याने पिके, माणसे, पक्षी, मासे, सगळ्यांची नोंद केली. पुण्याच्या मुळा-मुठेतले आणि भीमेतले मासे त्याने गोळा केले आणि १८३९ साली त्यांचे वर्णन लंडनच्या विद्वानांपुढे ठेवले. नव्या माशांना शास्त्रीय नावे द्यायची होती. त्याने काय केले? नदीवरची मराठी माणसे ज्या माशाला जे म्हणत, ते नाव कानाला जसे ऐकू आले तसे उचलले आणि त्याला लॅटिनचा वेश चढवला. खुद्री, कोलस अशी नावे त्यातून जगाच्या शास्त्रात गेली आणि आजही चालू आहेत. दख्खनच्या महसीर माशाचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ आहे. जगातला कोणताही शास्त्रज्ञ ते उच्चारतो, तेव्हा नकळत आपल्या नदीकाठच्या माणसाचा शब्द उच्चारतो. त्या माणसाचे नाव मात्र इथेही नाही.

साहेब लोक इथे राहिले, पण त्यांचे मन ट्राउटमध्ये अडकलेले होते. १८९९ साली काश्मीरसाठी विलायतेहून ट्राउटची अंडी मागवली, ती वाटेतच खराब झाली. १९०० साली पुन्हा मागवली, ती तगली, आणि तिथून काश्मीरच्या ओढ्यांत ट्राउट पसरला. निलगिरीच्या डोंगरावरही पुष्कळ खटपटींनंतर तो रुजला. मग कोणी म्हणेल, आमच्या पैनगंगेत का नाही सोडला? त्याचे कारण साधे आहे. ट्राउटला वीस अंशांच्या आतले थंड पाणी लागते. पाणी जितके गार, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू अधिक. चुलीवर पाणी ठेवा. उकळी येण्याच्या पुष्कळ आधी भांड्याच्या बुडाला बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यातली हवा बाहेर निघत असते. उन्हाने तापलेल्या नदीतही असेच होते. किनवटला वैशाखात पारा बेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. तिथे ट्राउट एक दिवसही निभावणार नाही. आपले मरळ, शिंगाडा आणि वाम मात्र त्याच पाण्यात निभावतात. मरळ तर पाण्यात प्राणवायू कमी पडला की वर येऊन सरळ हवेतला श्वास घेतो. ज्याला आपण साधा मासा समजतो, त्याने आपल्या उन्हाळ्याचे कोडे असे सोडवलेले आहे.

काही इंग्रजांना हे लवकर कळले. दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले, आणि महसीर हा मासा ट्राउटपेक्षा कसा कमी नाही, हे आपल्या देशबांधवांना पटवले. परंतु पुढे धरणे झाली, नद्यांवर सुरुंग उडू लागले, आणि महसीर विरळा झाला. तेव्हा १९७० च्या सुमारास लोणावळ्याच्या वळवण तलावावर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी महसीर मादीची अंडी काढून, ती कृत्रिम रीतीने फलवून पिले तयार केली. टाटांच्या वीज कंपनीने तिथे महसीरचे बीजकेंद्र चालवले आणि तिथली पिले देशातल्या पुष्कळ जलाशयांत गेली. हे काम मोठेच. पण एक मासा हौदात वाढवता येतो. सगळी नदी हौदात वाढवता येत नाही.

आणि इथे मी मूळ मुद्द्याला येतो. उन्हाळ्यातला डोह म्हणजे नदीची बियाण्याची कणगी आहे. घरात कितीही ओढ असली, तरी शेतकरी बियाण्याची कणगी फोडत नाही. डोहात जे मासे वैशाख-ज्येष्ठात तग धरतात, तेच मृगाच्या पुरात वर चढतात, अंडी घालतात, आणि सगळी नदी पुन्हा माशांनी भरून टाकतात. एका किलो वजनाच्या रोहू मादीच्या पोटात दोन लाखांहूनही अधिक अंडी असू शकतात. ज्येष्ठात ती एक मादी ताटात आली, तर किती गेले याचा हिशेब शाळेतला पोरगाही करील.

आपल्या पूर्वजांनी हा हिशेब केलेला होता. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरवलेल्या स्तंभलेखात काही माशांना अभय दिले आहे, आणि चातुर्मासाच्या पौर्णिमांना व इतर ठरलेल्या दिवशी मासे मारू नयेत, विकू नयेत, अशी आज्ञा केली आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे मासे म्हणून महसीरला आजही कोणी गळ टाकत नाही. लोक त्यांना खाऊ घालतात. देवाचे नाव घेतले, की कुलुपाची गरज पडत नाही. अलीकडच्या काळात कायद्यानेही हेच सांगितले. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात सुरुंग उडवणे आणि विष कालवणे हा गुन्हा ठरवला. समुद्रात तर महाराष्ट्राचे कोळी दरवर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्या बंद ठेवतात.

पण कायदा डोहाच्या काठी उभा राहत नाही, हे आपण जाणतो. पूर्वी रानातली माणसे गेळाची फळे कुटून पाण्यात टाकीत, त्याने मासे गुंगून वर येत. तेही चांगले नव्हे; पण त्याला मेहनत फार आणि आवाका थोडा. आता खाणीतली सुरुंगाची कांडी येते, फवारणीच्या औषधाची बाटली येते, विजेच्या तारेवर आकडा टाकून डोहात करंट सोडला जातो. क्षणात सगळे पांढरे पडते: मोठे, लहान, अंडी, पिले, झिंगे, बेडूक. जे वर तरंगले ते गोळा करतात. जे तळाशी गेले ते कुजते. तेच पाणी दुसऱ्या दिवशी गुरे पितात. वीज सोडणारा माणूसही कधी कधी घरी परतत नाही. गळाचे बघा: गळ एका वेळी एकच मासा काढतो, आणि लहान निघाला तर परत सोडता येतो. गळवाल्याला वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणाऱ्याला नदी समजते.

अशा डोहाबरोबर आणखी एक गोष्ट मरते, ती म्हणजे त्या डोहाची माहिती. किनवटचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानच्या आणि नंतर राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा तो नांदेड जिल्ह्यात आला. त्यामुळे इथे मराठी आहे, तेलुगू आहे, गोंडी आणि कोलामी आहे, बंजाऱ्यांची गोरमाटी आहे. एकाच माशाला चार-पाच नावे आहेत. कोणता मासा कोणत्या नक्षत्रात वर चढतो, कोणत्या डोहाला तळाशी झरा आहे, कोणता डोह कोणत्या साली आटला, हे सगळे भोई, गोंड, कोलाम अशा घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. ते कुठल्या ‘मत्स्यविनोदा’त लिहिलेले नाही. सोमेश्वराला सांगणारा कोणी तरी होता, साइक्सलाही होता. आजही सांगणारे आहेत, पण त्यांच्यासमोर वही घेऊन बसणारा दिसत नाही.

म्हणून माझी शिक्षकांना एक विनंती आहे. पैनगंगेच्या काठच्या शाळांनी एक जाड वही करावी. तिच्यात पानापानावर एकेक मासा: त्याचे मराठी नाव, गोंडी नाव, कोलामी नाव, तेलुगू नाव, तो केवढा होतो, काय खातो, कुठे राहतो, पूर्वी किती मिळायचा आणि आता किती. मुलांनी आपल्या आजा-आजीला विचारून ते लिहावे. शुद्धलेखन नंतर सुधारता येईल. आधी शब्द जसा ऐकू आला तसा उतरवावा, साइक्सने उतरवला तसा. फक्त एका बाबतीत राजापेक्षा आणि साहेबापेक्षा आपण पुढे जावे. ज्याने सांगितले त्याचे नाव, त्याला विचारून, पानाच्या तळाशी अवश्य लिहावे.

आणि गावकऱ्यांना विनंती एवढीच, की आपल्या शिवारातला एक डोह निवडा, खोल आणि सावलीचा. गावाच्या बैठकीत ठरवा, की होळीपासून पहिल्या पुरापर्यंत या डोहात जाळे नाही, सुरुंग नाही, औषध नाही, करंट नाही. ज्याचे पोट मासेमारीवर आहे त्याला त्या बैठकीत पहिल्यांदा बोलू द्या, कारण झळ त्याला लागणार आहे आणि पावसाळ्यानंतर फायदाही आधी त्यालाच दिसणार आहे.

कल्याणीचे ते राज्य सोमेश्वरानंतर पंचवीस वर्षांच्या आत कलचुरी बिज्जलाच्या हाती गेले. हत्ती गेले, घोडे गेले, सिंहासन गेले. कोण्या अनाम मासेमाराने सांगितलेली आणि राजाने लिहून घेतलेली माशांची माहिती मात्र जवळजवळ नऊशे वर्षे टिकली, कारण ती वेळेवर कागदावर उतरली. पैनगंगेची माहिती उतरवून घ्यायला राजाची गरज नाही. एक वही आणि एक पेन्सिल पुरते. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत हे काम सुरू व्हावे, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.